फौजदाराच्या अकरा चाचण्या

आमचा फौजदार वजनाला दोन किलो तीनशे ग्रॅम आहे, आणि तेही पोटभर जेवल्यावर. जातीने चिवावा कुत्रा. अंगापेक्षा कान मोठे, आणि कानांपेक्षा आवाज मोठा. भाचीने "मावशी, आठच दिवस सांभाळ गं" म्हणून आणून ठेवला, त्याला आता नऊ वर्षं होऊन गेली. भाचीचं लग्न झालं, मूल झालं, ते शाळेत जायला लागलं. तिचे आठ दिवस काही संपले नाहीत. मीही विषय काढत नाही. न जाणो, तिला आठवायचं.

आमचं दुकान एकच, पण त्यात काउंटर दोन. डावीकडे आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, उजवीकडे मी चष्मे बनवून देते. मधल्या खिडकीत फौजदाराची उशी. तिथे बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करतो, म्हणून तो फौजदार. मूर्ती लहान पण कीर्ती महान. आमचा टपालवाला सहा फुटी माणूस आहे, पण पत्रं उंबऱ्यावरूनच आत सरकवतो आणि मागे न बघता निघतो.

या दोन काउंटरांचं आपसात कधी पटलं नाही. ह्यांच्या धंद्याचा पहिला नियम सासऱ्यांनी घालून दिलेला: चालतं घड्याळ उघडायचं नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणो, "जरा आतून साफ करून द्या ना," हे घड्याळ कानाला लावतात आणि परत करतात. "चालतंय ना? मग चालू दे." माझं नेमकं उलट. कुणी नुसता चष्म्याचा स्क्रू घट्ट करायला आला, तरी मी त्याला समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावते. तपासल्याशिवाय कळणार कसं? एक बाई एकदा पत्ता विचारायला आली होती, ती चष्म्याचा नंबर घेऊन गेली. मला अजून दुवा देते.

असे आम्ही दोघं, आणि दोघांच्या मध्ये हा काचेमागचा फौजदार.

चार महिन्यांपूर्वी त्याला लस टोचायला नेलं होतं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या असतील. मनगटावर कायम कुणाच्या तरी नखांचे ओरखडे असतात, पण हात शांत. त्यांनी फौजदाराचा ओठ वर केला, मागच्या दाढा बघितल्या आणि नाक जरा बाजूला घेतलं.

"काकू, याच्या तोंडाला वास येतो ना?"

"वास कसला, दरवळ म्हणा," मी म्हटलं.

"या जातीचं हेच दुखणं. जबडा एवढासा, आणि दात मात्र मोठ्या कुत्र्याला असतात तेवढेच, बेचाळीस. दाटीवाटी होते, अन्न अडकतं, हिरड्या सडतात. याचे मागचे चारपाच तरी काढावे लागतील. पूर्ण भूल द्यावी लागेल, म्हणून आधी रक्त तपासू. आणि वय झालंय, तर हृदयही एकदा बघून घेऊ. भूल द्यायची म्हणजे हृदय धड हवं."

मी म्हटलं, "तारीख द्या."

हे म्हणाले, "बघू."

ह्यांचं "बघू" म्हणजे नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षातच मला तो अर्थ कळला होता.

त्यानंतर चार महिने आमच्या दुकानात एकच संवाद चालला. मी विचारायची, "कधी न्यायचं?" हे भिंग डोळ्याला लावून घड्याळात मान घालायचे. "खातोय ना? मग खाऊ दे." आणि तो खात होता, हेही खरं. पण कसा खात होता? आधी एका बाजूने चावायला लागला. मग चावणं सोडून गिळायला लागला. मग मी त्याचं चिकन इतकं मऊ शिजवायला लागले की त्याला प्राणी म्हणावं की पाणी, असा प्रश्न पडावा. त्याचा आवडता चिंधीचा बोळा त्याने तोंडात धरणं बंद केलं. गालाला हात लावला की मान फिरवायचा.

मी चिडले की हातावर हात धरून बसत नाही, अभ्यास करते. मोबाईलवर चिवावांच्या यच्चयावत आजारांची माहिती वाचून काढली. वाचता वाचता माझी खात्रीच पटली की आमचा फौजदार जिवंत आहे हाच एक चमत्कार. गुडघ्याची वाटी सरकते म्हणे. आमचा मधूनच तीन पायांवर उडी मारत चालतो. श्वासनलिका दबते म्हणे. आमचा मधूनच डुकरासारखा घुरघुरतो. टाळूवर मऊ खड्डा असतो म्हणे. आमच्या टाळूवर माझं बोट मावतं. डोळे, यकृत, मूतखडे, सगळं उतरवून काढलं. चष्म्याच्या नंबराच्या कागदाच्या पाठीमागे यादी झाली, अकरा चाचण्यांची. यादी ह्यांच्यापुढे ठेवली.

"एवढं उघडल्यावर तो परत बंद होईल का?" हे म्हणाले.

"तुम्हाला काही वाटतच नाही त्याचं," मी म्हटलं.

ह्यावर ते भिंग लावून परत घड्याळात शिरले. मला वाटलं, बोलायला तोंड नाही.

मग तो बुधवार आला. सकाळी मी काच पुसत होते आणि टपालवाला दारात आला. पत्रं ठेवून तो गेला नाही. डोकं आत घालून उभा राहिला.

"ताई, साहेब बरे आहेत ना? भुंकले नाहीत ते."

मी वळून बघितलं. फौजदार उशीवर पाय फाकून उभा होता आणि एखाद्या झिंगलेल्या माणसासारखा डुलत होता. सगळं अंग थरथरत होतं. चिवावा थरथरतातच, थंडीने, रागाने, लाडाने. पण हे थरथरणं वेगळं होतं. मी हाक मारली तर त्याचे डोळे माझ्यावर येऊन पुढे निघून गेले. मग मागचे पाय दुमडले आणि तो कुशीवर पडला.

मी किंचाळले असणार, कारण टपालवाल्याच्या हातातली पिशवी पडली. ह्यांनी तोवर दवाखान्याला फोन लावला होता. कधी नव्हे ते ह्यांचा हात माझ्याआधी फोनवर गेला होता.

"काल रात्री किती खाल्लं त्याने?" डॉक्टरीणबाईंचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता.

"काही नाही," हे म्हणाले. "सकाळीही नाही."

"साखर उतरली असणार. एवढ्याशा अंगात साठा तो किती असणार! मध आहे? बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा. घशात काही ओतू नका, ठसका लागेल. आणि लगेच घेऊन या."

मी फौजदाराला मांडीवर घेतलं, ह्यांनी मधाची बाटली धरली. ज्या हातांनी हे केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवतात, त्या हातांतून बाटलीचं झाकण सुटून काउंटरखाली गेलं. मी मध चोळला. हिरड्या गरम होत्या आणि बोटाला मधाबरोबर रक्त लागलं. टपालवाला बाजूला टोपी काढून उभा. जसं काही संपलंच आहे. मला त्याचा असा राग आला की त्याला म्हटलं, "टोपी घाला आधी!" त्याने घातली.

दहा मिनिटांनी फौजदाराने जीभ बाहेर काढून ओठ चाटले. मग डोळे माझ्यावर थांबले. मग त्याने टपालवाल्याला बघितलं आणि घशातल्या घशात, अगदी बारीक, गुरगुरला. टपालवाल्याला एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नसेल.

आणि मी, जीव भांड्यात पडल्या पडल्या, पहिलं काय केलं असेल तर ह्यांच्यावर तुटून पडले. "बघा तुमचं 'बघू'! चार महिने उपाशी ठेवलंत पोराला!" मी त्याला माझ्या शालीत गुंडाळलं. निघताना हे म्हणाले, "थांब," परत आपल्या बाकाशी गेले, खणातून पत्र्याची एक चपटी डबी काढली आणि कोटाच्या खिशात टाकली. मला वाटलं, भिंग घेतलं असेल. भिंगाशिवाय हे झोपायलाही जात नाहीत.

दवाखान्यात आधी थेंबभर रक्त तपासलं. साखर वर येत होती. डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर उभं केलं आणि सावकाश तपासायला घेतलं. कान, डोळे, टाळू, पोट. मागचा पाय हळूच वाकवला, वाटी कट्कन सरकली आणि परत बसली. मग कानात नळ्या घालून छाती ऐकली. खूप वेळ ऐकली. मी यादी हातात धरून वाट बघत होते. हे डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे.

"बोला काकू," त्या नळ्या काढत म्हणाल्या. "कागद केव्हाचा फडफडतोय."

मी वाचायला सुरुवात केली. "एक, दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे."

"समजा काढले, आणि वाटी सरकते असं दिसलं. ते तर मला आत्ता हातालाच कळलं. मग आपण काय वेगळं करणार?"

"म्हणजे?"

"वाटी सरकते आणि आपोआप बसते, तो चालतो, दुखत नाही. आत्ता तरी एकच उपाय, वजन वाढू द्यायचं नाही आणि पलंगावरून उड्या मारू द्यायच्या नाहीत. पाय टेकेनासा झाला, तर एक्स-रे काढू. प्रत्येक चाचणीला एकच विचारायचं, काकू: उत्तर आल्यावर आपण काय वेगळं करणार? काहीच नाही, तर ती चाचणी त्याच्यासाठी नाही, आपल्या मनासाठी आहे. पुढे?"

मी जरा सावरून बसले. मला असं कुणी उलट तपासत नाही. तो माझा प्रांत. "दोन. श्वासनलिका. दुर्बीण घालून."

"कसा आवाज करतो?"

मी करून दाखवला. नाकातून आत ओढत, डुकरासारखा, पाचसहा वेळा. बाहेर बसलेल्या एका मोठ्या कुत्र्याने उत्तर दिलं.

"उत्तम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी हसू दाबलेलं मला दिसलं. "ही उलटी शिंक. चिवावांना येते, दिसायला भयंकर, आणि मिनिटभरात संपते. बदक ओरडल्यासारखा कोरडा खोकला येतो का? उत्साहात आला, पट्टा ओढला की?"

"नाही."

"मग दुर्बीण नको. गळ्यातला पट्टा काढा, छातीवरून बांधायचा घ्या. बदक ऐकू आलं, तर या."

तीन नंबरची टाळू. ती बऱ्याच चिवावांची तशीच असते; तो नीट चालतो, ओळखतो, शिव्या देतो, म्हणजे मेंदू जागेवर आहे. यादीतल्या ओळींवर त्या पेन्सिलीने काट मारत गेल्या आणि मी आपली, परीक्षेत नापास होत चाललेल्या पोरीसारखी, पुढची ओळ वाचत गेले. अकरातल्या नऊ गेल्या. रक्ताची संपूर्ण तपासणी राहिली आणि हृदयाची सोनोग्राफी राहिली.

"आता दात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात चाचणीचा प्रश्नच नाही, डोळ्यांना दिसतंय. दुखतंय म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आज पडला. काढायलाच हवेत. पुढच्या आठवड्यात..."

"नाही," हे म्हणाले.

ह्यांचा आवाज इतका मोठा मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता. फौजदारही दचकला.

"भूल दिलीत तर तो उठणार नाही. त्याचं हृदय गेलेलं आहे. मला माहीत आहे."

ह्यांनी खिशातून ती पत्र्याची डबी काढली, टेबलावर ठेवली, उघडली. आत कागदाच्या अरुंद पट्ट्यांच्या गुंडाळ्या होत्या, प्रत्येकीवर बारीक अक्षरात तारीख. मी ओळखल्या. ह्यांच्याकडे एक जुनं यंत्र आहे. घड्याळाचे ठोके ऐकून ते सरकत्या कागदावर टिंबं उमटवतं. घड्याळ नीट असलं की टिंबांची सरळ रेघ येते, बिघडलं असलं की टिंबं फाकतात. ह्यांनी त्यातला फक्त कागद चालू ठेवला होता. फौजदाराला मांडीवर घेऊन, मागच्या मांडीच्या आत दोन बोटं ठेवून, नाडीच्या प्रत्येक ठोक्याला त्या चालत्या कागदावर पेन्सिलीने एकेक खूण केली होती. मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी भिंगं घासून आणायला जाते, तेव्हा.

मी मोजल्या. एकतीस. चाचण्या नकोत म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्याने गुपचूप एकतीस चाचण्या केल्या होत्या.

"तुम्हीच म्हणालात, हृदय धड हवं," हे डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "म्हणून घरी जाऊन आधी मी बघितलं. बघा ना. इथे खुणा जवळजवळ आहेत, इथे लांब गेल्या. परत जवळ, परत लांब. एक पट्टी सरळ नाही. असं घड्याळ माझ्याकडे आलं असतं, तर मी मालकाला सांगितलं असतं की आता हे... आता नका वापरू."

डॉक्टरीणबाईंनी एक पट्टी टेबलावर पसरली. मग दुसरी. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसून बघायला लागल्या. एवढी अवाक्षर न बोलणारी डॉक्टर म्हणजे काहीतरी वाईटच.

"काका," त्या शेवटी म्हणाल्या, "याचा श्वास मोजला होतात का तुम्ही?"

"नाही. ठोकेच."

"इकडे या. त्याच्या छातीवर डावा हात ठेवा, मांडीला उजवा. छाती फुगते तेव्हा ठोके काय करतात?"

हे वाकले. डोळे मिटले. मिनिटभर नुसता भिंतीवरच्या पंख्याचा आवाज.

"जलद होतात," हे म्हणाले. "आणि श्वास सोडला की... हळू." त्यांनी डोळे उघडले. "दर वेळी."

"दर वेळी. ते कुत्र्याचं हृदय आहे काका, घड्याळ नाही. कुत्रा निवांत असला की त्याचे ठोके श्वासाबरोबर असेच पुढेमागे होतात. हृदय खरंच थकलं ना, की उलट ते एकसारखं पळायला लागतं. या सगळ्या पट्ट्या सरळ आल्या असत्या, तर मी घाबरले असते. तुम्ही एकतीस वेळा लिहून ठेवलंय की हा तुमच्या मांडीवर निवांत झोपला होता."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. मला हसू, रडू आणि एक फटका मारावासा वाटणं, तिन्ही एकदम आलं.

"पण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी तिथेच थांबले, "एक गोष्ट तुमच्या बोटांना कळण्यासारखी नाही. मला नळीतून ठोक्यांच्या मध्ये बारीक 'सूं' असा आवाज ऐकू आला. एखादी झडप थोडी गळत असावी. या वयाच्या चिवावात नवल नाही. म्हणून ही सोनोग्राफी मी यादीत ठेवली."

मला वाटलं, आता हे परत "नाही" म्हणणार. हे बराच वेळ फौजदाराच्या कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले, "उत्तर आल्यावर तुम्ही काय वेगळं करणार?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. "झडप थोडी गळत असेल आणि हृदय वाढलेलं नसेल, तर भुलीची औषधं जपून निवडीन, सलाईन बेताने देईन, आणि दात काढीन. हृदय वाढलेलं असेल, तर आधी गोळ्या देईन आणि दात पुढे ढकलीन. न बघता केलं, तर अंदाजाने करीन. मला अंदाजाने करायचं नाही."

"मग बघा," हे म्हणाले. "आजच बघा."

त्याच दुपारी बघितलं. फौजदाराच्या छातीवरचे केस काढले, तेव्हा तो सोललेल्या बटाट्यासारखा दिसायला लागला आणि अपमानाने भिंतीकडे तोंड करून पडला. पडद्यावर ते सुपारीएवढं हृदय उघडझाप करत होतं. झडप थोडी गळत होती. हृदय वाढलेलं नव्हतं. औषधाची आज गरज नाही, वर्षाने परत बघायचं. रक्तही ठीक आलं. पुढच्या आठवड्यापर्यंत दुखण्याचं औषध, पातळ जेवण, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं, आणि गुरुवारी दात.

गुरुवारी त्याला आत नेलं आणि आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. दुकानाला कुलूप होतं. टपालवाल्याचे दोन फोन येऊन गेले. मी आठ दिवस जे गिळून बसले होते, ते तिथे बाहेर पडलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रडली असतीस."

"रडले असते! मग तोंड धुतलं असतं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन इथे आले असते. जे आज होतंय, ते चार महिन्यांपूर्वी झालं असतं."

"हो."

"चार महिने त्याचे दात ठणकत होते."

"हो गं."

ह्यांच्याशी भांडण्यात हीच अडचण आहे. चूक इतकी सरळ कबूल करतात की पुढे भांडायला काही उरत नाही. मग मला गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसलं की माणसाला नको ते सुचतं. मला सुचलं की त्या चार महिन्यांत मी रोज "कधी" विचारलं, "का" एकदाही विचारलं नाही. पत्ता विचारणाऱ्या बाईचे डोळे तपासणारी मी. आणि शेजारच्या काउंटरवर बसलेला माझा माणूस आतून वाळत चालला होता, ते मला दिसलं नाही. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझं चुकलं नाही. मी मान वरच केली नाही." बराच वेळ आम्ही एकमेकांचा हात धरून बसलो. समोरच्या पिंजऱ्यातली एक मांजर आमच्याकडे बघत होती.

सव्वा तासाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "पाच काढले. उठलाय, आणि पहिल्यांदा माझ्यावर गुरगुरलाय."

पहिले दोन दिवस त्याने पाणीदार काहीतरी जिभेने चाटून घेतलं आणि दिवसभर झोपला. तिसऱ्या दिवशी जीभ डावीकडून थोडी बाहेर लोंबायला लागली, कारण तिला अडवणारी भिंत आता तिथे नव्हती. त्याने त्याच्या रुबाबाचे तीनतेरा वाजले, पण त्याला त्याचा पत्ता नव्हता. टपालवाल्याला बघून तो लोंबत्या जिभेने भुंकला, आणि टपालवाला सवयीने पळाला.

चौथ्या दिवशी दुपारी मी दुकानातच त्याची वाटी ठेवली. मऊ शिजवलेलं चिकन, बोटांनी कुस्करलेलं. नेहमी तो वाटीभोवती फिरायचा, हुंगायचा, माझ्याकडे बघायचा, मग एका बाजूने एक घास उचलायचा. त्या दिवशी त्याने तोंड वाटीत घातलं ते बाहेरच काढलं नाही. मचमच, चपचप, वाटी फरशीवरून ढकलत, भिंतीपर्यंत नेऊन, तिथे तिला कोंडीत पकडून, तळ दिसेपर्यंत खाल्लं. मग वर बघितलं. मिशांना चिकन लागलेलं.

मी टाळ्याच वाजवणार होते, तेवढ्यात ह्यांच्या काउंटरकडून आवाज आला. मला वाटलं, काही पडलं. बघते तर हे स्टुलावरून खाली उतरून फरशीवर बसले होते, भिंग अजून कपाळावर, आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडत होते. आवाज करून. लग्न झाल्यापासून मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही.

मी धावत गेले. "अहो, खाल्लं ना त्याने! बरा आहे तो!"

"म्हणूनच," हे म्हणाले. शब्द तुटत होते. "एकतीस वेळा मी त्याचा निरोप घेतला गं. प्रत्येक वेळी मांडीवर घेऊन मनात म्हटलं, आता हा जाणार. आणि त्याला फक्त भूक लागली होती."

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले आणि पाठीवरून हात फिरवत राहिले. काउंटरपाशी एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, हातात बंद पडलेलं घड्याळ. मी त्याला म्हटलं, "थोडं थांबा हं," आणि बिचारं थांबलं.

फौजदार काही थांबणाऱ्यातला नव्हता. तो वाटी ढकलत आमच्यापर्यंत आला, ह्यांच्या गुडघ्यावर पुढचे पाय ठेवले आणि भुंकला. ह्यांनी बाहीने डोळे पुसले, उठले, आणि त्याला अजून वाढलं.